कमी दारूची काडतुसं

आमच्या आप्पांची दुनळी बंदूक माझ्या आजोबांच्या वेळची. भातात रानडुकरं शिरली की आप्पा ती बाहेर काढतात. आज दुपारी पडवीत बसून ते तिच्यासाठी काडतुसं भरत होते. छोट्या तराजूत दारू तोलायची, काडतुसात ओतायची, वर बूच, मग छर्रे. दारू मात्र दर वेळी नेहमीपेक्षा कमी.

"बाजारातलं काडतूस हिला सोसत नाही," ते म्हणाले. "जुनी नळी. फुटेल."

माझ्या खिशात डॉक्टरांनी दिलेला आप्पांचा रिपोर्ट होता. एसटीत बसल्यापासून मी वाक्यं मनात घोळवत होतो, एकेक जड शब्द गाळत होतो. पण किती गाळायचं? फार गाळलं तर ते खोटंच होणार. आणि मी नक्की जपतोय कुणाला, त्यांना की मला? काही उमगेना.

"एवढ्याशा दारूनं लागतं का पण?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"धक्का कमी बसतो. लागायचं ते लागतंच."

त्यांनी काडतुसाचं तोंड दुमडलं, तळहात लुंगीला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"आण तो कागद."