गुरुदत्तची गाडी आणि तिची जागा

गुरुदत्तने गाडी घेतली त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत ती आमच्या वाडीच्या फाटकाबाहेर अकरा वेळाही गेली नसेल. गिरगावातल्या आमच्या वाडीत गाड्या लावायला जागा चार आणि गाड्या नऊ. गाडी हलली की जागा गेली, हा इथला कायदा. म्हणून विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ बाजारात पायी जातो, डॉक्टरकडे बसने जातो आणि लग्नकार्याला टॅक्सीने जातो. घरी गाडी आहे हे मात्र टॅक्सीवाल्यालासुद्धा ऐकवतो.

मी तळमजल्यावर राहते. माझी खिडकी नेमकी त्या गाडीच्या नाकासमोर उघडते, हे माझं नशीब. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, नाना तऱ्हेची पोरं पाहिली, पण इतका बिनकामाचा काटेकोरपणा एकाही पोरात पाहिला नाही. रोज सकाळी सहाला गुरुदत्त खाली उतरणार, गाडीची खाकी खोळ काढून तिची घडी घालणार आणि बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणार. त्या दहा मिनिटांत तो आत बसून स्टिअरिंगला हात लावून समोर बघत राहतो. समोर मी दात घासत असते.

गेलं वर्षभर गाडी चालू केली की किंचाळायची. साधंसुधं नाही, पार वरच्या मजल्यावरची तान्ही पोरं उठून बसायची. मी खिडकीतून ओरडले, की हा अभिमानाने सांगायचा, "अल्टरनेटरचा बेल्ट घसरतोय, ताई." जणू मुलाला बक्षीस मिळालंय. इलाज म्हणून बेल्टवर अंगाच्या साबणाची वडी घासायचा. दोन दिवस सुगंधी शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोंब.

गाडी गॅरेजमध्ये न्यायची तर जागा सोडावी लागणार, म्हणून बेल्ट कधी बदलला जाईल असं मला वाटत नव्हतं. पण त्याची मुलगी अनुजा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. डोहाळजेवणाला तिच्या शीवच्या सासरच्या माणसांसमोर हा बोलून गेला होता, "नातवंडाला मी माझ्या गाडीतून घरी आणणार." अनुजाने ते ऐकून घेतलं होतं. तिच्या लग्नाच्या दिवशीही ही गाडी जागची हलली नव्हती. नवरी हॉलवर गेली ती चुलतभावाच्या गाडीतून, आणि बाप म्हणाला होता, "आज वाडीत पाहुणे फार, जागा लगेच जाईल." पोरीने तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही.

या वेळी मात्र तिने स्पष्ट सांगितलं. "बाबा, या किंचाळणाऱ्या गाडीत मी बाळाला घेऊन बसणार नाही. बेल्ट बदला आणि मला न्यायला या. नाहीतर मी दवाखान्यातूनच शीवला जाईन." पोरीला गाडीची हौस नव्हती. बापाने आयुष्यात एकदा आपल्यासाठी ती जागा सोडावी, एवढंच तिला हवं होतं. तिची आई दुर्गा तर सव्वा महिना नातवंड मांडीवर घ्यायला मिळणार म्हणून जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवत बसली होती.

खेतवाडीतला मेकॅनिक म्हणाला, गाडी घेऊन या, तासाभराचं काम आहे. गुरुदत्त म्हणाला, तुम्ही या. मेकॅनिक आला नाही. मग या बहाद्दराने दुर्गाची शिवणाची टेप लावून बेल्ट मोजला आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या दुकानातून नवा आणला. तो तोकडा निघाला. दुसरा आणला, तो लांब. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने गाडीचं साल विचारून स्वतःच काढून दिला. ते पहिल्याच दिवशी सांगावं, हे याला सुचलं नव्हतं.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. तमाशा बघायला मी खिडकीत खुर्ची टाकून बसले, खोटं कशाला बोलू. पण त्याने बॅटरीची वायर आधी काढली, दोन बोल्ट सैल केले, अल्टरनेटर आत ढकलून जुना बेल्ट सोडवला. आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला, कडेला चिरा पडलेल्या. नवा तिन्ही पुल्यांवर नीट बसवला. टॉमीच्या लोखंडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर रेटून धरला आणि तसाच एका हाताने बोल्ट आवळला. बोटांची सालं निघाली, तरी पाना सोडला नाही. मग बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, अर्धा इंच लवला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. किल्ली फिरवली. गाडी घुमली, पण किंचाळली नाही. दुर्गा चहा घेऊन आली होती, तिचे डोळे भरून आले. या माणसाबद्दल इतकी वर्षं आपण वाईटच बोललो की काय, असं मला क्षणभर वाटलं.

त्याच बुधवारी अनुजाला दादरच्या प्रसूतिगृहात मुलगी झाली. शनिवारी घरी सोडणार होते. दुर्गा तिथेच होती, म्हणून भाकरतुकडा ओवाळायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी दहाला गुरुदत्त इस्त्रीचा शर्ट घालून उतरला. मागच्या सीटवर त्याने धुतलेली चादर अंथरली, गाडी चालू केली, आवाज न करता फाटकापर्यंत नेली आणि थांबवली.

दुसऱ्या मजल्यावरचा अवधूत गॅलरीत टॉवेल वाळत घालत होता. त्याची नवी गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते. तो खाली बघतसुद्धा नव्हता. गुरुदत्तने मान बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी होती तिथे आणून लावली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अवधूत बघतोय, ताई."

"मी बसते जागेवर खुर्ची टाकून. तू जा."

"तुमचं कोण ऐकणार?" असं म्हणून त्याने दुर्गाला फोन लावला. "अगं, तुम्ही टॅक्सीच करा. इथे जरा अडचण आहे."

तासाभराने टॅक्सी वाडीत शिरली. मी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. अनुजाने बाळाला छातीशी धरलं होतं. दार उघडण्याआधी तिने गाडीकडे पाहिलं.

"बेल्ट पुन्हा गेला का, बाबा?"

"छे! एकदम मस्त झालाय." त्याचा चेहरा खुलला. "थांब, तुला दाखवतो." तो धावत जाऊन गाडीत बसला, इंजिन चालू केलं आणि खिडकीतून ओरडला, "ऐक! येतोय आवाज?"

अनुजा ऐकत राहिली. आवाज खरंच येत नव्हता. बाळसुद्धा झोपेतून हललं नाही.

"काका, शीवला चला," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली.

उतरण्यासाठी दुर्गाने एक पाय बाहेर टाकला होता, तो आत घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आनंदीताई, तेवढं ओवाळा." मी टॅक्सीच्या दारातूनच मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळला आणि टाकला. पाणी पायांवर घालायचं असतं, पण अनुजाचे पाय बाहेर आलेच नव्हते, म्हणून ते जमिनीवर ओतलं. टॅक्सी मागे घेताना टॅक्सीवाला चारदा हॉर्न वाजवत गेला.

गुरुदत्त अजून गाडीतच होता. "पाच मिनिटं थांबली असती," तो म्हणाला, "तर मीच सोडलं असतं की तिला शीवला."

"मग जा ना. गाडी चालूच आहे," मी म्हटलं. "अवधूत केव्हाच ऑफिसला गेला."

त्याने फाटकाकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं, आणि खाली उतरून चारी दारं नीट लागलीत का ते ओढून बघायला लागला.