एकादशीची गोळी

भोसरीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आई चपात्या लाटायची. वडील लवकर गेले. पिंपळे गुरवच्या एका खोलीत आम्ही दोघीच. पावसाळ्यात कपडे वाळायचे नाहीत, तेव्हा ती ओलीच साडी नेसून कामाला जायची. त्या चपात्यांवर मी इंजिनिअर झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनेच सांगते.

मला चाकणला नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत आईला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हातही बराचसा. बोलणं मात्र गेलं. 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच उरलं. शिफ्टवरून आले की मीच बोलायची आणि मीच ऐकायची.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके बेताल पडतात, त्यातूनच गुठळी होऊन मेंदूत गेली. पुन्हाही जाऊ शकते. उपाय होता ॲब्लेशन. मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि बिघाडाची जागा जाळायची. त्याआधी रक्त पातळ ठेवणारी गोळी एकही दिवस चुकता कामा नये.

मामाला फोन केला.

"काळजाला डाग देणार? शिकली म्हणून लई कळतंय व्हय तुला?"

"मामा, त्या दिवशी तुम्ही येता का?"

"बघतो," म्हणाला.

ॲब्लेशनच्या तारखेच्या आधी डॉक्टरांनी आईला विचारलं, "मावशी, गोळी रोज घेता ना?"

"न्हाई."

मी चमकले. एकेक दिवस आठवून विचारत गेले. एकादशीचं नाव काढलं तेव्हा तिने मान डोलावली. गोळी जेवल्यावर घ्यायची, असं मीच तिला सांगितलं होतं. एकादशीला ती जेवत नाही. मग गोळी कशी घेणार?

"आत गुठळी झाली असेल तर आपल्याच हाताने मेंदूत ढकलू," डॉक्टर म्हणाले आणि तारीख पुढे गेली.

पुढच्या एकादशीला मी रजा घेतली, उपासही धरला. भगर आणि दाण्याची आमटी वाढली. म्हटलं, "आई, हेच आजचं जेवण. देवाला चालतं, गोळीलाही चालतं." ती ताटाकडे बघत राहिली. मग जेवली, गोळी गिळली आणि अर्ध्या तोंडाने हसली.

ॲब्लेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बाकीच्यांची अख्खी घरं आलेली. चहा, डबे, भांडणंसुद्धा. मामा आला नाही. मी माझा डबा उघडला. चपाती एका बाजूला जाड झाली होती. पूर्वीसारखं बोलता येत असतं तर आई ती बघून म्हणाली असती, "डिग्री लाटण्याची नव्हती वाटतं." तेवढं ऐकण्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं!

बोलणं परत आलं नाही. पण आईचे ठोके आता तालात पडतात, गोळी एकादशीलाही चालू आहे, आणि दुसरा झटका आलेला नाही.