अर्जाच्या मागच्या बाजूला स्टेडियम

जळगावात राहणाऱ्या माणसाला इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबची एवढी काळजी कशापायी, हे माझ्या बायकोने मला अनेकदा विचारलंय. तिला पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. क्लबचं नाव इथे सांगत नाही. गेली काही वर्षं तो जसा खेळतोय, ते पाहता न सांगितलेलंच बरं. पण आम्ही त्याला 'आपला क्लब' म्हणतो. आमच्यापैकी एकाचाही पासपोर्ट निघालेला नाही, तरी आपला.

आम्ही म्हणजे मुख्यतः तिघं. मी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कर्जावर बोलायचा पहिला मान माझा. दुसरा शेठ. त्याचं हार्डवेअरचं दुकान, पणजोबा राजस्थानातून आलेले, आणि शाळेत तो माझ्याच बाकावर. तिसरा माझा शालक, धुळ्याचा. दर रविवारी सकाळच्या बसने तो बहिणीला भेटायला म्हणून येतो आणि एक कप चहा संपेपर्यंत बहिणीला भेटतो. मग आम्ही तिघं शाळेच्या मैदानाला लागून असलेल्या टपरीवर जे बसतो, ते जेवायची हाक येईपर्यंत.

त्या मैदानावर नाना रोज सकाळी मुलींना फुटबॉल शिकवतात. नाना आमचे खेळाचे मास्तर, मूळचे सोनगीरचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण शिटी काही सुटली नाही. शेठला आणि मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एकच धडा होता. पास दिला की मागे बघायचं नाही, पुढे पळायचं. ज्याला दिला तो बघून घेईल.

मागच्या हिवाळ्यात बातमी आली की आखातातला कुणी शेख आपला क्लब विकत घेतोय आणि जुनं स्टेडियम पाडून नवं बांधतोय. बातमी आणली शालकाने. आतल्या गोटातली आहे म्हणाला. आतला गोट म्हणजे आपल्या पलंगावर बसून व्हिडिओ करणारा एक पोरगेलासा गोरा, हे मागाहून कळलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण आमच्याकडे बघूनच कुणीतरी केली असणार.

"पैसा कोण लावतोय?" शेठने विचारलं.

"शेख."

"शेख कशाला लावेल? तो क्लबच्याच नावावर कर्ज काढेल. म्हशीच्या दुधावर म्हैस विकत घ्यायचा धंदा आहे हा. आणि जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, ते पाहिलं का तुमच्यापैकी कुणी?"

लंडनच्या आसपास सातबारा निघत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग त्यांचं राज्य चाललं कसं? यावर पुढचे दोन रविवार गेले. टपरीवाल्याने आमच्यामुळे दूध वाढवून घेतलं, हा या सगळ्या व्यवहारातला एकमेव खरा फायदा.

मग भरीत पार्टी आली. हिवाळ्यात खान्देशातला माणूस शेतात जाऊन भरीत खाणार नाही, असं होत नाही. पहूरच्या अलीकडे शेठच्या एका गिऱ्हाईकाचं शेत आहे, तिथे आम्ही दहाबारा जण गेलो, बहुतेक आमच्याच शाळेचे. नानांनाही नेलं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायचं काम त्यांच्याशिवाय दुसऱ्याने केलं की वांगं एका बाजूने कच्चं राहतं.

वांगी लावून झाल्यावर नाना माझ्याजवळ आले. खिशातून घडी घातलेला रेघी कागद काढला. शाळेच्या संस्थेने हे मैदान लग्नाच्या लॉनसाठी भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. पेपरात जाहीर नोटीस येऊन गेली होती, कोणाची हरकत असेल तर लेखी द्या म्हणून. त्या पानावर मीही रोज नजर टाकतो, पण क्रीडा पानाकडे जाताना. नानांनी अर्ज स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहिला होता. खाली स्वतःची सही, आणि तिच्याखाली आमच्यासाठी कोरी जागा.

"जुन्या पोरांच्या सह्या घे आन् ऑफिसमा दी दे," नाना म्हणाले. "शुक्रवार शेवटला दिन शे. मी तुनावर सोडस."

"नाना, काळजीच सोडा," मी म्हटलं. आणि ते खरंच काळजी सोडून वांगी फिरवायला गेले.

आता पाहा, सह्या करणारे सगळे तिथेच होते, हाताच्या अंतरावर. पेनही माझ्या खिशाला होतं. पण नेमकं तेव्हाच शेठ पुन्हा म्हणाला की नव्या स्टेडियमचा हिशेब त्याच्या डोक्यात बसत नाही. मी कर्ज विभागाचा माणूस. मला राहवलं नाही. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवायला बसलो. मधे मैदान, भोवती गॅलरी, इकडे शेख, तिकडे बँक, आणि बँकेकडून क्लबकडे, क्लबकडून शेखकडे बाण. सगळे भोवती जमले. शालकाने फोटो काढून क्लबच्या ग्रुपवर टाकला, तर तिकडच्या एका गोऱ्याने चक्क अंगठा दिला. तेवढ्यात भरीत आलं, कळण्याच्या भाकरी आल्या. कागदावर कुणीतरी मिरच्यांची ताटली ठेवली. नंतर तो शेठने गोळा केला आणि गाडीत टाकला, म्हणे फ्रेम करू.

त्या आठवड्यात आम्ही फार कामात होतो. क्लब शेखला विकू नये म्हणून चाहत्यांचं ऑनलाइन निवेदन निघालं होतं. मी पूर्ण नाव, पत्ता, पिनकोडसकट सही केली. शेठने केली. पार्टीतल्या सगळ्यांकडून शालकाने फोन कर-करून करवून घेतली. विलायतेतल्या त्या यादीत जळगाव-धुळ्याचं नाव ठळक दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते दिसलंही.

शनिवारी सकाळी दात घासताना मला नानांचा कागद आठवला. तसाच शेठच्या दुकानी पळालो. गाडीत सीटखाली कागद सापडला. पुढच्या बाजूला मिरचीच्या तेलाचा गोल डाग, आणि सही एकच. संस्थेच्या ऑफिसात गेलो तर कारकून भला माणूस निघाला, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, साहेब, कालच बंद झालं. मुदतीत एकही हरकत आली नाही, असं लिहून अहवाल वर गेला. पाचसहा सह्या जरी आल्या असत्या ना, तरी बैठक लावावी लागली असती. शेठने तिथे जरा आवाज चढवला, मीही चढवला. ज्याची चूक असते त्याला आवाज फार लवकर चढवता येतो.

त्या आठवड्यात नानांनी मला एकदाही फोन केला नव्हता. कसा करतील? पास दिला होता त्यांनी.

सोमवारी क्लबचा खुलासा आला. कसला शेख नाही, कसली विक्री नाही, स्टेडियम आहे तिथेच राहणार. शालकाने धुळ्यात पेढे वाटले.

मंगळवारी सकाळी मी मैदानावर गेलो. मुली घरी गेल्या होत्या आणि नाना गोलच्या खांबाची जाळी सोडवत होते. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. मी कागद पुढे केला आणि काहीतरी बोलायला लागलो, ते मलाही धड ऐकू आलं नाही. नानांनी आधी आपला अर्ज वाचला, परक्याने लिहिलेला असावा तसा, सावकाश. मग कागद उलटा केला. माझे बाण, माझी गॅलरी, माझी बँक बराच वेळ बघत राहिले.

"हाई काय शे?"

"स्टेडियम आहे, नाना."

"चांगलं काढेल शे," ते म्हणाले. "कोठे बांधी राहिनात?"

"तिकडे. विलायतेत."

त्यांनी मान हलवली. कागदाची पहिल्यासारखीच घडी घातली, खिशात ठेवला आणि जाळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, घडी घालायला.

"आन् आपल्या पोरी कोठे खेळतीन?"