आपलं खोटं पडो

“दोन बोटं जावोत, तिसरं नको.”

असं म्हणत आबा समोरच्या माणसाच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्याखाली खरोखरच दोन बोटं घालून बघायचे. तिसरं शिरलं तर पट्टा आवळायचे, दुसरंच अडकलं तर सैल करायचे. मग छातीवर हलकी थाप मारून पुढच्याकडे वळायचे. बायकांची पाळी आली की तिकिटाच्या खिडकीकडे बघून मला हाक मारायचे, “ये वं माय जराशी!” मी खिडकी ओढून घेऊन बाहेर यायची आणि माझी दोन बोटं कामाला लागायची.

तुम्ही सुरतेत तापीवर बोटीनं फिरला असाल, तर कदाचित तुमच्याही पट्ट्याखाली ती बोटं गेली असतील. तुम्ही तेव्हा बहुधा वैतागला असाल. बहुतेक सगळे वैतागायचे. शर्ट चुरगळतो, पदर झाकला जातो, फोटोत सगळेच नारिंगी दिसतात. आबांचं उत्तर ठरलेलं होतं, “नारिंगी चांगला दिसस पाण्यात. लांबून दिसस.” हे ते इतक्या मायेनं म्हणायचे, की त्यातला खरा अर्थ माणसाला घरी पोचल्यावर कळत असावा.

नाव त्यांचं हजेरीच्या वहीत होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. खान्देशातल्या एका तापीकाठच्या गावात त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं पैलतीरी नेणारी गावची नाव होती. पूल झाला, नाव काठावर पालथी पडली, आणि आबा सुरतेच्या गोडादऱ्यात येऊन लूमवर, कापडाच्या मागावर, लागले. वीस-बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली आणि जाताना निम्मे कान घेऊन गेली. नदीवर बोटी सुरू झाल्या तेव्हा ते परवाना काढून पुन्हा पाण्यावर आले. माझे वडीलही लूमवरचेच, आमचं घरही गोडादऱ्यातच, बोलीही तीच. म्हणून ते माझ्याशी अहिराणीत बोलायचे, प्रवाशांशी गुजरातीत, आणि मॅनेजरशी शक्यतो बोलायचेच नाहीत.

आमची बोट लहान, तीस माणसांची. तिची वेळ भरतीवर ठरायची, कारण ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो. हे लोकांना पटत नसे. “पाच वाजे लख्युं छे,” म्हणून मोबाइल खिडकीच्या काचेवर दाबायचे. पाच लिहिलंय म्हणजे नदीनं पाचला हजर राहायलाच हवं. बोट गरगर फिरवा, जोरात न्या, वरच्या टपावर उभं राहू द्या, असा प्रत्येकाचा हट्ट वेगळा. बोटीतून उतरल्या उतरल्या लोक मोबाइलवर तारे द्यायचे, आणि ते तारे मोजायचं काम मॅनेजर रोज सकाळी देवपूजेसारखं करायचा.

आबा गरगर फिरवायचे नाहीत. जोरातही न्यायचे नाहीत. पण एक गोष्ट ते द्यायचे. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ कुठंच जात नाही, नुसतं उभं राहतं. तेवढी वेळ साधून ते मधोमध लंगर टाकायचे, इंजिन बंद करायचे आणि ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, “आयका.”

मी अधूनमधून बोटीत जायची, त्यामुळे ते मिनिट मला माहीत आहे. आधी पोरं खिदळायची. मग हळूहळू सगळं निवायचं. पुलावरची वाहतूक एकदम दूरची, दुसऱ्याच कुठल्या शहरातली वाटू लागायची. समुद्राकडे, हजीऱ्याच्या बाजूला, धुरकट आभाळात सूर्य लाल गोळीसारखा विरघळायचा, आणि त्याचा रंग पाण्यावरून सरकत येऊन आमच्या हातांवर चढायचा. आपण तरंगतोय की झोपलोय, ते कळायचं नाही.

मग आबा एकेकाकडे वाकून विचारायचे, “काय आयकू उनं?” कुणी सांगायचं, देवळातली घंटा. कुणी म्हणायचं, कुत्रं भुंकलं. एकदा एका नवऱ्या मुलीनं लाजत सांगितलं, बोटीच्या पोटाला पाणी चाटतंय. आबा मान डोलवायचे. मला फार उशिरा उमगलं, की त्यांना स्वतःला यातलं फारसं काही ऐकू येतच नव्हतं. ते लोकांकडून नदी ऐकत होते.

दर रविवारी सकाळी सात-आठ वर्षांची एक मुलगी आईबरोबर जेटीच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. आबा तिच्यासाठी पेरू आणायचे. पहिल्यांदा ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. काही रविवार गेल्यावर दोन पायऱ्या खाली आली. मला वाटलं, नात असेल. एकदा विचारलं, तेव्हा आबा दोर गुंडाळत होते.

“मी पाडी तिले,” ते म्हणाले.

त्यांच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. मुलीचा वाढदिवस होता, अंगात नवा झालरीचा फ्रॉक. बापाला फ्रॉकमधला फोटो हवा होता. एकच मिनिट जॅकेट काढा, काका, एकच मिनिट. आबांनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडला. शेजारून जाणाऱ्या बोटीची लाट लागली आणि मुलगी बोटीच्या कडेवरून पाण्यात गेली. आबांनी कपड्यांनिशी उडी मारून तिला दहा-बारा श्वासांत वर काढलं. तिला काही झालं नाही. फक्त त्यानंतर ती बादलीतल्या पाण्यालाही भिऊ लागली. आंघोळीला बसवली की थरथरायची.

“त्या माणूसले खूश कराकरता मी पट्टा सोडा,” आबा म्हणाले. “तो खूश बी व्हई गया. फोटो चांगला उना व्हता.”

पुढच्या हिवाळ्यात त्या मुलीनं शेवटच्या पायरीवर बसून दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडले आणि पेरू खाल्ला. आबा त्या दिवशी इतके आनंदात होते, की त्यांनी मॅनेजरलाही एक पेरू दिला.

आता त्या संध्याकाळचं सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

मे महिना संपत आला होता. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. एका मोठ्या घरातल्या आजींचा ऐंशीवा वाढदिवस होता. फुगे, केक, फुलांच्या माळा आणि माणसं चाळीस. मॅनेजरनं आधीच हो म्हटलेलं. माझ्यापुढे नोंद ठेवून तो म्हणाला, “फाडी नाख ने, घरना ज माणसो छे.” घरचीच माणसं आहेत, म्हणजे जणू त्यांचं वजन होत नाही. मी खालमानेनं चाळीस तिकिटं फाडली. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

आबा जेटीच्या टोकाला पाण्याकडे बघत उभे होते. नैर्ऋत्येला आभाळ शिसवासारखं काळं झालं होतं. ते परत आले आणि म्हणाले, “आज नई.”

“काका, पब्लिक आवी गई छे!” मॅनेजर म्हणाला.

“ओहोटी खाले चालनी, वारा वर चढी ऱ्हायना. दोन्ही मधमा भांडतीन. आणि बोट तीसनी शे.”

ओहोटी खाली निघालेली, वारा उलटा वर येतोय, आणि बोट तीसच माणसांची. मॅनेजरला अहिराणी कळत नव्हती, पण ‘नई’ कळलं. तो आजींच्या नातवाकडे बघून कसनुसं हसला. नातू मोबाइल उंच धरून चित्रण करत होता. “डरी गया काका?” त्यानं हसत विचारलं. सगळे हसले.

आबा सरळ आजींच्या चाकाच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले आणि आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाले, “बा, काले सवारे आवजो. हुं पोते लई जईश. सवारे नदी बहु सारी होय.” उद्या सकाळी या, मी स्वतः नेईन. आजी म्हणाल्या, “मने तो काले पण चाले, भाई.” त्यांना उद्याही चालणार होतं. पण केक आजचा होता.

मॅनेजरनं फोन करून शेजारच्या जेटीवरचा दुसरा चालक बोलावला. आबांच्या हातातून किल्ली घेतली. आबांनी ती निमूटपणे दिली, आणि मग जे केलं ते मी विसरणार नाही. ते बोटीच्या तोंडाशी उभे राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याखाली बोटं घालू लागले. जी बोट ते नेणार नव्हते, तिच्यातल्या माणसांच्या. बायकांसाठी मला हाक मारली. जॅकेटं तीसच होती, ती संपली. आबांनी स्वतःच्या अंगातलं काढून एका काकांना घातलं. उरलेले नऊ जण म्हणाले, आम्हाला पोहता येतं.

बोट गेली. आम्ही दोघं जेटीवर उभे राहिलो.

आभाळ खाली आलं होतं. पाणी रंग नसलेलं झालं होतं, आणि बोटीतले फुगे लांब जाता जाता ठिपके झाले. रस्त्यावरून धूळ उठली. झाडं एका बाजूला झुकली. आबांनी रेलिंग धरलं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते.

आणि मी? खरं सांगते. मला वाटत होतं, वारा यावा. फार नको, थोडाच. बोट जरा डुलावी, त्या नातवाचं हसू पुसलं जावं, मॅनेजरनं घाबरून आबांकडे बघावं. चाळीस माणसं पाण्यावर होती आणि मी वारा मागत होते.

वारा आला नाही. काळं आभाळ काहीतरी विसरल्यासारखं घुटमळलं आणि हजीऱ्याकडे निघून गेलं. मागे एक स्वच्छ, पिवळा उजेड पसरला. त्यातून बोट गाणी म्हणत परत आली.

“जुओ काका, जीवता आव्या!” नातू ओरडला. सगळे पुन्हा हसले, मॅनेजर सगळ्यात मोठ्यानं. आबाही हसत होते. ते एकेकाला हात देऊन उतरवत होते, आणि प्रत्येकाचा दंड क्षणभर दाबून मगच सोडत होते. आजींनी त्यांना केकचा तुकडा दिला. तो त्यांनी तिथंच उभ्यानं, हातावरचं क्रीमसुद्धा चाटून खाल्ला.

माझा मात्र राग मावळत नव्हता. सगळे गेल्यावर मी म्हटलं, “आबा, थोडा जरी वारा उना असता ना, तर तुमचं खरं ठरलं असतं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काय मागत होते ते त्यांना सगळं कळलं असावं. पण रागावले नाहीत.

“नई माय, असं नई म्हनाचं,” ते म्हणाले. “आपलं खोटं पडो. रोज खोटं पडो. मी तेच मांगी ऱ्हायनू व्हतू.”

त्या नातवानं चित्रण टाकलं. ‘डरपोक काका’ म्हणून ते बऱ्याच जणांनी पाहिलं. मॅनेजरनं आबांना बोटीवरून उतरवून दोर बांधायला ठेवलं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, आणि आबा गावी गेले ते परत आले नाहीत. निरोपाला मी उधना स्टेशनवर गेले होते. पॅसेंजरच्या खिडकीत बसून ते मला सांगत होते, की गावातली पालथी नाव अजून कुजलेली नाही, तिला डांबर लावलं की झालं. गाडी हलली तरी डांबराचंच बोलत होते.

दोन वर्षं गेली. मग एका दूरच्या गावी, कुठल्याशा तळ्यावर सहलीची बोट उलटली. तुम्ही ती बातमी वाचली असेल, किंवा तिच्यासारखी दुसरी. माणसं जास्त, जॅकेटं कमी. त्या दिवशी आबांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

“आंगवर जॅकेट व्हतात का वं?” त्यांनी विचारलं.

“नव्हती, आबा.”

पलीकडून त्यांचा रडण्याचा आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा, कोरडा. ‘मी सांगत नव्हतो का’ हे वाक्य त्यांना म्हणता आलं असतं. ते त्यांनी म्हटलं नाही. “लेकरं व्हतात त्यामा,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर आमच्याकडेही तपासण्या सुरू झाल्या. साहेब आले, फलक लागले, नवी जॅकेटं आली. महिन्याभरानं मॅनेजर माझ्या खिडकीशी आला. सुरक्षेसाठी एक खास माणूस नेमायचा होता. इकडेतिकडे बघत तो म्हणाला, “पेला काकाने फोन कर ने. कहे के पाछा आवी जाय.”

त्याला आता काका परत हवे होते. मी तिथंच, त्याच्यासमोर नंबर लावला. फोन आबांच्या सुनेनं उचलला. आबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले आणि झोपेतच गेले. गडबडीत कुणाकुणाला कळवायचं राहिलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“शुं बोल्या?” मॅनेजरनं विचारलं.

मी सांगितलं. तो काचेवर हात टेकून उभा राहिला. त्याच्या मागे भरती संपत आली होती, पाणी कुठंच जात नव्हतं, आणि बोटीची सावली त्यात जशीच्या तशी उभी होती. त्यानं हळू आवाजात विचारलं,

“एना जेवो बीजो कोई छे, तारी ओळखाणमां?”

त्यांच्यासारखा दुसरा. मी ओळखीतली सगळी माणसं मनात आठवून पाहिली. गोडादऱ्यातली, लूमवरची, नदीवरची.

मग मान हलवून नाही म्हटलं.