थोरल्या जावेच्या पिवळ्या गोळ्या
काल गरोदर नातसुनेच्या तळहातावर रक्तवाढीची ती चिमुकली पिवळी गोळी दिसली आणि बहात्तरच्या दुष्काळातलं पाथर्डीकडचं आमचं घर आठवलं. मला आणि थोरल्या जावेला, दोघींनाही आठवा महिना लागला होता. रानात पालेभाजी औषधालाही नव्हती, रोज रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. नर्सबाईंनी दोघींच्या बोटातलं रक्त तपासलं आणि गोळ्यांची बाटली जावेच्या हातात दिली. "हिचं रक्त फार कमी आहे, तुझं बरं आहे," मला म्हणाल्या. आपलं बरं असल्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता. सासूबाई रोज सकाळी तिला विचारायच्या, "गोळी घेतली का गं?" मला कोणी काही विचारत नव्हतं. मग मी फळीवरच्या बाटलीतली रोज एक गोळी चोरून खाऊ लागले. आठवड्यानं पाहते तर बाटली माझ्या अंथरुणाशेजारच्या कोनाड्यात. जाऊ भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "एक दिस तू घे, एक दिस मी. तुज्या बी पोटात हायच की." पुढं तिला गुटगुटीत मुलगी झाली, पण ती स्वतः पांढरीफटक पडली. "लेकरू आईच्या अंगातलं ओढून घेतंच. गोळ्या चुकवल्यास ना?" नर्सबाईंनी दटावलं. मी दारातच उभी होते. "लई इसरायचे बाई," जाऊ म्हणाली. तिनं तेव्हा माझं नाव सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि ते मी तिला अजून माफ केलेलं नाही.