खोट्या माशाची पैज

दिवाळीला नात आली ती खांद्यावर एक लांबच लांब नळकांडं घेऊन. चिखलीच्या स्टँडवरून गावापर्यंत जीपमधल्या एकूण एक माणसानं तिला विचारलं म्हणे, "पडद्याचा दांडा हाय का पोरी?" घरी आल्यावर तिनं ते अंगणात उघडलं. आतून काळ्या सडपातळ काठीचे दोन तुकडे काढले, एकात एक बसवले, खाली रील अडकवलं आणि मग डबीतून एक मासा काढला. चांदीसारखा चमचमता, पोटाखाली आकडे, आणि डोळे असे वटारलेले, जसं काही मीच त्याच्या जागेवर बसले होते.

"आजी, हा लुअर. खोटा मासा. समुद्रात फेकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. खरा मासा त्याला खायला धावतो."

नात कोकणात बँकेत नोकरीला आहे, अगदी समुद्राच्या काठी. सुट्टीच्या दिवशी बाकीच्या पोरी सिनेमाला जातात, ही खडकावर उभी राहून माशांना फसवते. मला ते इतकं आवडलं, की मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "मीपण येणार. मीपण फसवणार."

अंगणाच्या पलीकडच्या ओट्यावरून हसू आलं. माझी मोठी जाऊ. एकाच अंगणात आमची दोन घरं, दोघींचेही नवरे आता नाहीत, आणि दोघींचंही सकाळचं पहिलं काम म्हणजे दुसरीचं दार उघडलं का ते बघणं. ती मला 'लहाने' म्हणते, मी तिला 'बाई' म्हणते. तिचं माहेर मोताळ्याकडचं, आणि मोताळ्याच्या पलीकडं जग आहे यावर तिचा विश्वास नाही. समुद्र तिनं बघितलेला नाही. नातीनं दरवर्षी बोलवावं आणि हिनं दरवर्षी नवं दुखणं काढावं. मागच्या वर्षी गुडघा होता, त्याआधी म्हैस व्याली होती. मी एकदा जाऊन आले, पण खरं सांगते, एकटीनं समुद्र बघण्यात मजा नाही. इतकी मोठी गोष्ट बघितल्यावर बाजूला कोणी तरी नाक मुरडणारं पाहिजे.

"लहाने," ती म्हणाली, "कनकीची गोळी लावली तं मासा येईन, मी मानतो. गांडूळ लावलं तरी येईन. पन प्लास्टिक कोन खाते? माशाले का अक्कल नाई?"

"तुले अक्कल असून तू तीन वेळा त्या टीव्हीवरच्या जाहिरातीतलं तेल आणलं," मी म्हटलं. "मासा तं मासा आहे."

नात हसली. जाऊ नाही हसली. ती उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग लाव पैज. खोट्या माशानं खरा मासा काढला, तं मी येईन तुह्या समुद्रावर. नाई निघाला, तं माह्यासमोर पुन्हा समुद्राचं नाव नाई काढाचं. जिंदगीभर."

"मंजूर."

"आन् मले डोळ्यानं दिसला पायजे. फोनवर, लागतानी. बाजारातून विकत आनून गळाले टांगलेला चालनार नाई."

बाईला माझी चांगली ओळख आहे. बाजाराचा विचार माझ्या मनात येऊन गेलाच होता.

नात म्हणाली, "आजी, निघायच्या आधी खळ्यात जरा फेकून बघ. दिसतं तेवढं सोपं नाही." मी म्हटलं, "मला शिकवते? गोफण फेकलेली बाई आहे मी!" हे ऐकून जाऊ ओट्यावर मटकन खाली बसली आणि पदर तोंडात घालून इतकी हसली, की शेजारची सून काय झालं म्हणून धावत आली.

ते हसू कशाचं, ते सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडं शिवारभर ज्वारी असायची. आता सगळं सोयाबीन, पाखरं कोणाला राखायची! पण तेव्हा कणसात दाणा भरला की शेतात उंच माळा उभा राहायचा आणि आम्ही त्यावर चढून दिवसभर गोफण चालवायचो. दोरीच्या मधल्या झोळीत दगड ठेवायचा, एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं मुठीत धरायचं, डोक्यावर गरागरा फिरवायचं आणि नेमक्या क्षणी मुठीतलं टोक सोडायचं. दगड सणसणत जातो, पाखरांचा थवा उठतो.

आता त्या माळ्यावर नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोरगी उभी करा. हातभर हिरवा चुडा, अंगात शहाणपण मावत नाही. सासऱ्यानं विचारलं, "गोफन येते का सूनबाई?" पोरगी म्हणाली, "आमच्या माहेरी मीच राखायची सगळं." साफ खोटं. माहेरी तिनं फक्त हुरडा खाल्लेला. तिनं ऐटीत गोफण फिरवली आणि दगड सोडला. तो मागं गेला. मागं बांधावरून मोठी जाऊ डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येत होती. घागर गेली, जाऊ ओलीचिंब. त्या मूर्ख पोरीनं वर काय म्हणावं? "वारा आला हो बाई." झाडाचं पान हलत नव्हतं.

ती पोरगी म्हणजे मी, हे वेगळं सांगायला नको. पुढं हंगामभर माझा दगड डावीकडं गेला, उजवीकडं गेला, एकदा बैलाला लागला आणि बैल थेट नाल्यात उतरला. पाखरं नेमकी माझ्यासमोर येऊन बसायची, कारण शिवारात तीच सगळ्यात सुरक्षित जागा होती. शेवटी सासूबाईंनी माझ्या हातात पत्र्याचा डबा दिला, आणि गोफण राहिली जाऊकडं. तिचा दगड म्हणजे शब्द. म्हणाल त्या कणसावरून पाखरू उठवायची, कणसाला धक्का नाही.

तर अशी मी, नातीबरोबर कोकणात गेले.

सकाळी आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. तिथं समुद्र आत वळून शांत झालाय, दोन्ही बाजूंना काळे खडक, आणि पाणी चहाच्या बशीसारखं सपाट. नात म्हणाली, आता ओहोटी लागलीय, पाणी उतरतं तशी लहान मासळी खडकातून बाहेर पडते आणि मोठे मासे तोंडाशी टपून बसतात. "तो काळा दगड दिसतो का? पाणी त्याच्याखाली गेलं की मासा निघून जातो. तोवर आपली वेळ."

जेवणाच्या डब्याला टेकवून तिनं फोन उभा केला. पडद्यावर जाऊ. मागं अर्धी गल्ली. कोणीतरी शेंगा सोलत होतं.

"झाली का सुरू?" जाऊ म्हणाली. "का वारा येऊन राह्यला?"

नातीनं समजावलं. रीलची ही तार उघडायची, दोरी या बोटावर धरायची, रॉड मागं न्यायचा, पुढं झटका द्यायचा आणि बोट सोडायचं. बोट. फक्त बोट. मी सगळं ऐकलं, मान हलवली. मग रॉड उचलला, आणि माझ्या हाताला जे आठवायचं तेच आठवलं. मी रॉड डोक्यावर गरागरा फिरवला, नात "आजी, नाही!" म्हणून खाली बसली, आणि नेमक्या क्षणी मी मूठ सोडली.

रॉड गेला. रीलसकट, खोट्या माशासकट, हवेत दोन गिरक्या घेऊन खाडीत.

फोनमधून गल्लीचा जो काही आवाज आला! जाऊ श्वास घेत घेत म्हणाली, "लय दूर गेला अवं! आता मासा तठीच बसून गळ टाकन!"

नात कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि दोन खडकांत अडकलेला रॉड घेऊन आली. चिडली नाही. तिनं आपली ओढणी काढली आणि रॉड माझ्या मनगटाला करकचून बांधला, जसं ढोर दावणीला बांधावं तसं.

आता मला सोडायचीच भीती बसली. पुढची फेक पायापाशी पडली. त्यापुढची शेजारच्या खडकाला लागली. एक तर मागं जाऊन नातीच्या पिशवीत अडकली. काळा दगड हळूहळू वर यायला लागला होता. त्याच्या अंगावरची कालवं दिसायला लागली. हसण्यावारी लावलेली पैज होती, पण हरले असते तर जाऊ शब्दाची पक्की. समुद्राचं नाव संपलं असतं. ती ओट्यावर बसून राहिली असती, मी समोरच्या ओट्यावर बसून राहिले असते, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना गुडघ्यांची खबर दिली असती, बस्स.

फोनमधून आता हसूही येत नव्हतं. जाऊ जिंकत होती, तिनं खूश व्हायला पाहिजे होतं. पण तिचा चेहरा पडद्याजवळ आला होता, इतका की नुसता एक डोळा आणि नाकाची चमकी दिसत होती.

माझी अजून एक फेक पायापाशी पडली. आणि तिच्यानं राहवेना.

"अवं भैताड!" ती ओरडली. "उशिरा सोडून राह्यली तू! तवाही तसंच करत होती, आताही तसंच! हाताकडं काऊन पाह्यते? हात का पळून चालला? जागा पाह्य, जिथी टाकाचं ते पाह्य!"

"पाहतेच आहे ना बाई!"

"नाई पाहून राह्यली! त्या दगडाच्या बाजूले पानी गोल फिरून राह्यलं, ते पाह्य. हात डोक्याच्या पुढं आला, का सोड. इचार नको करू. तू इचार करते तठीच मार खाते. हां, घे मागं. घे. पाखरू पाह्य... सोऽऽड!"

मी सोडलं.

दोरी सळसळत निघाली. खोटा मासा उन्हात एकदा चमकला, लांब, लांब, आणि काळ्या दगडाच्या बाजूला गोल फिरणाऱ्या पाण्यात टुपकन पडला. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी फेकलेली वस्तू पहिल्यांदा मी म्हटलं तिथं पडली होती. मी इतकी चकित झाले की नुसती उभीच राहिले.

"आजी, ओढ!" नात किंचाळली. "ओढ, थांब, झटका. ओढ, थांब. तो जखमी झालाय असं वाटलं पाहिजे!"

ओढलं. थांबले. झटका दिला. ओढलं आणि...

काय सांगू! कोणीतरी पाण्याखालून हिसकाच मारला. रॉड वाकून कमान झाला, रील किर्रर्र ओरडायला लागलं, दोरी उलटी सुटायला लागली, आणि मी ओढणीनं बांधलेली, सुटायची सोय नाही, दोन पावलं पुढं ओढली गेले. नातीनं मागून माझी कंबर धरली. "टोक वर ठेव! खडकात शिरला तर दोरी तुटेल! वर, आजी, वर!" फोनमधून सगळी गल्ली ओरडत होती, "वर, वर!" आणि त्या सगळ्यांच्या वरताण जाऊ, "सोडू नको लहाने! सोडू नको! आता सोडलं तं याद राख!"

मासा एकदा खाली गेला, एकदा बाजूला, मग पाण्यावर आला आणि शेपटीनं पाणी उडवलं. लाल! तांब्याच्या घागरीसारखा लाल. नात म्हणाली, "तांबोशी!" मी गुंडाळत गेले, हात भरून आला, चष्मा नाकावर घसरला, पदर कुठल्या कुठं, आणि शेवटी तो खडकावर आला. वीतभराहून थोडा मोठा. तोंडात माझा खोटा मासा आडवा, आणि खरा मासा त्याच्याकडं फसल्यासारखा बघत होता.

मी त्याला फोनपुढं धरलं. "पाह्य बाई! लागतानी पाहिला ना? पाहिला ना?"

"जिता हाय का?"

त्यानं शेपटी माझ्या गालावर फाडकन मारली. जित्या असण्याचा याहून चांगला पुरावा नाही.

मग नातीनं पक्कडीनं आकडे सोडवले आणि म्हणाली, "अजून लहान आहे. वाढू दे त्याला." आणि ओल्या हातानं अलगद पाण्यात धरून सोडूनही दिला. फोनमध्ये जाऊनं कपाळावर हात मारला. "सोडला? अवं, पकडलेला कोन सोडते वं? येसराचा मसाला टाकून रस्सा केला असता!"

"रस्सा राहू दे," मी म्हटलं. "बॅग भर."

शेंगा सोलणारी थांबली. मग जाऊ सावकाश म्हणाली, "कायची बॅग? मासा कोनं पकडला? कवा सोडाचं ते मी सांगतलं. कुठी पाहाचं ते मी सांगतलं. मासा माहा होता. तू नुसती काठी धरून उभी होती. मंग मी कशी हरली?"

गल्ली हो हो म्हणाली. नात तोंड वळवून हसायला लागली. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा जावेशी भांडायचं नव्हतं.

"खरं आहे बाई," मी म्हटलं. "मासा तुझाच. पण तुझा मासा तर इथंच राहिला, त्या काळ्या दगडापाशी. आता तो काही माझ्या हातानं परत यायचा नाही."

पडद्यावर तो एक डोळा माझ्याकडं बघत राहिला. मग फोन बंद झाला. रेंज गेली की तिनं बंद केला, अजून मला माहीत नाही.

मलकापूरला उतरून, दोन गाड्या बदलून मी घरी पोचले तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. कोंबड्यासुद्धा गोठ्याच्या मागं दडलेल्या. मी पिशवी ठेवते न ठेवते तोच सण्णकन आवाज आला आणि ओट्यावरचा, जावेनं भरून ठेवलेला माझा पाण्याचा माठ फुटून ओट्याभर पाणी झालं.

जाऊ तिच्या घराच्या कडेला उभी होती, पाठ माझ्याकडं, हातात कुठून तरी शोधून काढलेली जुनी गोफण. दगड तिला समोरच्या बाभळीवर मारायचा होता. ती वळली, माठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"वारा आला," ती म्हणाली.

मी पदरानं पाय पुसत बसले. ती जवळ येऊन बसली, गोफणीचा दोर बोटाभोवती गुंडाळत.

"लहाने, गाडीत मले उलटी होते."

"लिंबू घेऊ."

"आन् ते मनगटाले बांधाची ओढनी. लांब घेजो. माहा हात लय दूर जाते."