भेळेची निम्मी पुडी

ये, अशी जवळ बस. आणि भूक नाही म्हणून ताट काय सरकवतेस गं?

सुप्याला जाणाऱ्या बसमध्ये तिथल्या कंपनीत कामाला जाणारी एक पोरगी माझ्या शेजारी बसायची. रोज भेळेची पुडी उघडायची, डोळे मिटून वास घ्यायची, पुन्हा बांधायची. एकदा मी विचारलंच, खात का नाहीस म्हणून.

“आजी, दिवसभर उपाशी राहते, तर डोक्यात खाण्याबिगर दुसरं न्हाई. अन् एकदा खायला लागले की थांबता येत न्हाई. लई भ्या वाटतं.”

“मग निम्मी मला दे की!”

दोघींनी सावकाश खाल्ली. उतरताना रिकामा कागद दाखवून हसली, “संपली आजी. दुसरी घ्यावी वाटंना.”

एवढ्यानं दुखणं जात नाही, डॉक्टरकडेही जायची ती. पण तुला पाहिलं की तीच आठवते. आज घरी गेलीस तरी लवकर ये परत. भेळ आणून ठेवते, निम्मी माझी हं!